बूव्हे बेट: दीडशे वर्षे हाती न लागलेली जमीन

दक्षिण अटलांटिक महासागरात ५४ अंश २५ मिनिटे दक्षिण अक्षांश आणि ३ अंश २२ मिनिटे पूर्व रेखांश या ठिकाणी ४९ चौरस किलोमीटरचे एक निर्मनुष्य बेट आहे. आज फोनवरच्या नकाशात हे आकडे टाकले की ते लगेच समोर येते. पण १७३९ साली पहिल्यांदा दिसलेले हे बेट नकाशावर आपल्या खऱ्या जागी बसायला १८९८ साल उजाडले. मधल्या १५९ वर्षांत जेम्स कुकने ते दोनदा शोधले, त्याला मिळाले नाही. ब्रिटिश ध्रुवप्रवासी जेम्स क्लार्क रॉसलाही मिळाले नाही. ज्यांना दिसले त्यांनी त्याला वेगवेगळी नावे दिली, आणि एकाने तर त्याच्या शेजारी आणखी एक बेट असल्याचे सांगितले, जे कधीच नव्हते.

एवढे का झाले, याचे ठरलेले उत्तर ‘रेखांश चुकला’ असे दिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. रेखांश तर त्या काळात सगळ्यांचेच चुकत. तरी बरीच बेटे याहून लवकर जागेवर आली. बूव्हे आले नाही, कारण त्या बेटाची घडणच अशी आहे की पाहणाऱ्याच्या हाती पुरावा लागत नाही. या प्रकरणाकडे भूगोलाच्या बाजूने पाहायचे ते त्यासाठीच.

बेट कसे आहे

बूव्हे म्हणजे समुद्रतळावरून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा. त्याच्या पश्चिमेला काही अंतरावर समुद्राखाली दक्षिण अमेरिकी, आफ्रिकी आणि अंटार्क्टिक हे तीन भूपट्ट एकमेकांना भेटतात. मध्य-अटलांटिक, नैर्ऋत्य हिंदी आणि अमेरिकी-अंटार्क्टिक अशा तीन सागरी पर्वतरांगा तिथे एकत्र येतात. अशा जागी जमीन तयार होते, सरकते आणि कधीमधी कोसळतेही. कोसळण्याचा मुद्दा पुढे लागणार आहे.

बेट साधारण साडेनऊ किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद आहे. मधोमध बर्फाने भरलेले जुने विवर, त्याला विल्हेल्म पठार म्हणतात. सर्वांत उंच शिखर ओलाव्हटोपेन, ७८० मीटर. रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर आहे. तो पाचाडच्या बाजूने न चढता थेट समुद्रातून वर आलेला आहे, वाट नाही, दरवाजा नाही आणि माथ्यापासून कड्यापर्यंत बर्फ थापलेला आहे, असे डोळ्यासमोर आणले की बूव्हेची कल्पना येते. बेटाचा सुमारे ९३ टक्के भाग हिमनदीखाली आहे. उत्तरेला पोसाडोव्स्की हिमनदी आणि दक्षिणेला क्रिस्टेन्सन हिमनदी थेट समुद्रापर्यंत उतरतात. जिथे बर्फ नाही तिथे काळे उभे कडे आहेत. बंदर नाही, खाडी नाही, होडी निवांत लावता येईल असा किनारा नाही. जी थोडी किनारपट्टी आहे तिच्यावर लाटा सतत आपटत असतात.

५४ अंश हा आकडा ऐकून फसायला होते. उत्तर गोलार्धात त्याच अक्षांशाच्या आसपास जर्मनीतले हँबुर्ग आणि इंग्लंडमधले यॉर्क आहे. ध्रुववृत्त अजून बारा अंश दूर आहे. पण अंटार्क्टिकाभोवती थंड पाण्याचा जो पट्टा फिरतो आणि ज्याच्या उत्तर सीमेवर थंड पाणी कोमट पाण्याखाली बुडी मारते, त्या सीमेच्या दक्षिणेला हे बेट पडते. त्यामुळे वर्षाची सरासरी शून्याच्या जरा खालीच राहते, उन्हाळ्यातही तापमान शून्याच्या आसपास घुटमळते आणि हिवाळ्यात तरंगत्या समुद्री बर्फाची कड इथवर येऊ शकते. झाड, झुडूप, गवत काही नाही. शेवाळ आणि दगडफूल एवढीच वनस्पती. अक्षांश पाहून ‘ध्रुवीय’ न म्हणणारा माणूस एकदा तिथले फोटो पाहून गप्प बसतो.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची. पश्चिमेचा वारा हजारो किलोमीटर कशालाही न अडखळता येतो, पहिल्यांदा या कड्यावर आदळतो आणि वर चढताना ढग बनतो. त्यामुळे बेटाचा वरचा भाग बहुतेक वेळा ढगात, खालचा धुक्यात. आसपासच्या पाण्यात हिमनगही फिरत असतात. दुरून पाहणाऱ्याला जे दिसते ते असे: पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या बर्फाचा एक पांढरा तुकडा.

पहिली नोंद

जाँ-बातिस्त शार्ल बूव्हे द लोझिए हा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा दर्यावर्दी. कंपनीला भारताकडे जाणाऱ्या जहाजांसाठी वाटेत आपला स्वतःचा थांबा हवा होता, आणि दक्षिणेला एक मोठा समशीतोष्ण भूखंड असणारच अशी त्या काळच्या भूगोलतज्ज्ञांची खात्री होती. ‘एग्ल’ आणि ‘मारी’ ही दोन जहाजे घेऊन बूव्हे १७३८ च्या जुलैत लोरियाँ बंदरातून निघाला, ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या सांता कातारिनाला थांबला आणि तिथून आग्नेयेला वळला.

१ जानेवारी १७३९ ला धुक्यातून बर्फाने झाकलेले उंच टोक दिसले. ख्रिस्ती पंचांगात त्या दिवशी येशूच्या सुंतेचा सण असतो, म्हणून त्याने त्या टोकाला ‘काप द ला सिर्कोंसिझ्यों’ नाव दिले. ते बेट आहे असे त्याला वाटलेच नाही. दक्षिण भूखंडाचे एक भूशिर सापडले, अशी त्याची समजूत झाली. पुढचे दहा-बारा दिवस जहाजे आसपास घोटाळत राहिली; धुके आणि बर्फ यांमुळे किनाऱ्यावर उतरता आले नाही, प्रदक्षिणा घालता आली नाही. खलाशी आजारी पडू लागले तेव्हा त्याने नाद सोडला.

इथे दोन चुका एकात एक अडकल्या. पहिली: भूशिर म्हणून नोंद झाल्याने नंतर शोधणाऱ्यांनी लांबलचक किनाऱ्याची अपेक्षा ठेवली, साडेनऊ किलोमीटरच्या ठिपक्याची नाही. दुसरी: जागा. अक्षांश सूर्याची दुपारची उंची मोजून काढत, त्यामुळे तो अर्ध्या अंशाच्या आत बरोबर आला. रेखांश काढायला अचूक घड्याळ लागते, आणि समुद्रावर चालणारे तसे घड्याळ १७३९ मध्ये कोणाच्याच जहाजावर नव्हते. जहाजाचा वेग दोरीच्या गाठींनी मोजायचा, दिशा होकायंत्रावरून घ्यायची, आणि दिवसामागून दिवस बेरीज करत जायची. बूव्हेच्या हिशेबाने टोकाचे स्थान सुमारे ११ अंश २० मिनिटे पूर्व असे नोंदले गेले. खरे ३ अंश २२ मिनिटे. म्हणजे जवळजवळ आठ अंशांची तफावत. त्या अक्षांशावर एक अंश रेखांश साधारण ६५ किलोमीटरचा भरतो. तफावत झाली पाचशे किलोमीटरहून जास्त.

जाता जाता: हाच बूव्हे १७४८ मध्ये इंग्रज आरमाराला चुकवून मद्रासला पोहोचला. मद्रास तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते. त्याने तिथे सैनिक आणि खजिना उतरवला आणि निसटला. पुढे तो बूर्बों बेटाचा, म्हणजे आजच्या रेयुनियोंचा, गव्हर्नर झाला. कुचकामी नाविक म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याने जे पाहिले ते खरे होते. पत्ता चुकला एवढेच.

कुककडे घड्याळ होते

१७७२ मध्ये कुक दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या ‘रेझोल्यूशन’वर लार्कम केंडलने बनवलेले घड्याळ होते, जॉन हॅरिसनच्या प्रसिद्ध सागरी घड्याळाची हुबेहूब नक्कल. म्हणजे कुकला स्वतः कुठे आहोत हे व्यवस्थित कळत होते. आणि घोटाळा नेमका तिथेच झाला. त्याने बूव्हेने सांगितलेल्या जागेचा शोध अगदी काटेकोरपणे घेतला. जागाच चुकीची होती.

१७७२ च्या डिसेंबरात बर्फाने त्याची वाट अडवली. १७७५ च्या फेब्रुवारीत साउथ सँडविच बेटांकडून परतताना तो ५४ अंश अक्षांशाच्या आसपास आला आणि पूर्वेकडे शोधत गेला. काहीच दिसले नाही. बूव्हेने पाहिले ते बर्फाचे डोंगर असावेत, असा निष्कर्ष त्याने काढला.

कुकचा निष्कर्ष तर्काला धरून होता, आणि तरी चुकीचा. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक शिकण्यासारखे इथे आहे. अचूक उपकरण घेऊन जाणाऱ्याने ‘तिथे काही नाही’ म्हटले की ते वाक्य मूळ निरीक्षणापेक्षा जड ठरते. कुकच्या नावाचा दरारा एवढा, की पुढच्या तीन दशकांत त्या जागेबद्दल कोणी फारसे तोंड उघडले नाही.

शोधणे किती अवघड होते, याचा साधा हिशेब करता येतो. हवा स्वच्छ असेल तर ७८० मीटरचे शिखर समुद्रसपाटीवरून सुमारे १०० किलोमीटरवर दिसायला हवे. डोलकाठीवर टेहळ्या बसवला तर आणखी थोडे. तशी हवा असती तर बेट पहिल्या आठवड्यात सापडले असते. पण धुक्यात दृष्टी पाच किलोमीटरवर आली असे धरा. मग जहाज एका फेरीत दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा धुंडाळते. रेखांशाचा घोळ ५२० किलोमीटरचा आणि अक्षांशाचा सुमारे ५० किलोमीटरचा, म्हणजे अशा पाच फेऱ्या, एकूण २६०० किलोमीटर. शिडाच्या जहाजाने दिवसाला सव्वादोनशे किलोमीटर कापले तरी बारा दिवस लागतात, तेही वारा मनासारखा असेल आणि रात्रीच्या अंधारात हिमनगांमध्ये कप्तान जहाज हाकायला तयार असेल तर. यातले काहीच त्या समुद्रात मिळत नाही. पश्चिमेचा वारा एकदा पूर्वेकडे घेऊन गेला की उलट पश्चिमेला येणे हीच एक स्वतंत्र मोहीम.

एकाची अनेक बेटे

१८०८ मध्ये एंडरबी या लंडनच्या व्हेलशिकारी पेढीच्या ‘स्वान’ जहाजाचा कप्तान जेम्स लिंडसे याला बेट दिसले. ते बेट आहे, भूखंडाचे टोक नाही, हे पहिल्यांदा त्याने सांगितले. रेखांशही त्याने एक अंशाच्या आत बरोबर दिला. उतरता त्यालाही आले नाही. आणि त्याचा आकडा बूव्हेच्या आकड्यापासून सात अंश दूर असल्यामुळे हे दोघांनी पाहिलेले एकच ठिकाण आहे, हे कोणी खात्रीने म्हणेना. चांगले निरीक्षण जुन्या चुकीशी जुळत नाही म्हणून बाजूला पडले.

बेंजामिन मॉरेल या अमेरिकन कप्तानाने आपण १८२२ मध्ये बेटावर उतरून सीलची शिकार केल्याचे लिहिले. या माणसाच्या थापा आधीपासून गाजलेल्या. पण इथे थाप पकडायला त्याच्या चारित्र्याची गरज नाही, भूगोल पुरेसा आहे: त्याच्या वर्णनात बेटावरच्या बर्फाचा उल्लेख नाही. ९३ टक्के बर्फाखाली असलेल्या बेटावर जाऊन आलेला माणूस बर्फाबद्दल लिहायचे विसरतो, हे मला पटत नाही. काही अभ्यासक त्याला अजून संशयाचा फायदा देतात.

मग १८२५ चा डिसेंबर. एंडरबी पेढीचाच जॉर्ज नॉरिस ‘स्प्राइटली’ आणि ‘लाइव्हली’ ही जहाजे घेऊन आला. त्याची माणसे किनाऱ्यावर उतरली; त्याने बेटाला ‘लिव्हरपूल’ नाव दिले आणि राजा चौथ्या जॉर्जच्या नावाने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. इथवर ठीक. पण त्याच वेळी त्याने उत्तर-ईशान्येला दुसरे एक बेट पाहिल्याचे नोंदवले आणि त्याला ‘थॉम्पसन’ म्हटले. १८९३ मध्ये जोसेफ फुलर या अमेरिकन कप्तानानेही थॉम्पसन पाहिल्याचे सांगितले. दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले, त्यामुळे थॉम्पसन नकाशावर पक्के झाले आणि विसाव्या शतकातही बराच काळ टिकले.

थॉम्पसन कुठे गेले, यावर एकेकाळी एक आकर्षक उत्तर दिले गेले होते: फुलरनंतर आणि १८९८ च्या आधी ज्वालामुखीच्या स्फोटात ते उडून गेले. ज्वालामुखीचा भाग, भूपट्टांची सीमा जवळ, म्हणून कल्पना गळी उतरते. पण समुद्रतळ मोजला तेव्हा तिथे दोन हजार मीटरहून जास्त खोल पाणी निघाले. अलीकडेच उडालेल्या बेटाचा बुडखा शिल्लक असायला हवा होता, तो नाही. मला साधे उत्तर पुरेसे वाटते: मोठा हिमनग, किंवा ढगाच्या फटीतून वेगळ्या बाजूने दिसलेले बूव्हेच. उत्तरेकडून पोसाडोव्स्की हिमनदीचा पांढरा उतार आणि नैर्ऋत्येकडून काळे कडे पाहणारा माणूस ही एकच जागा आहे, असे सहज मानणार नाही.

१८४३ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ घेऊन परतणाऱ्या रॉसने शोधले, १८४५ मध्ये ‘पॅगोडा’ जहाजावरून मूरने शोधले. दोघांकडे घड्याळे होती, दोघांपुढे लिंडसे आणि नॉरिस यांचे आकडे होते. तरी दोघेही रिकाम्या हाताने परतले. ‘रेखांश चुकला’ हे उत्तर अपुरे का, ते या दोन शोधांवरून कळते. आकडा जवळपास बरोबर असूनही बेट धुक्यात होते.

२५ नोव्हेंबर १८९८ ला ‘व्हाल्डिव्हिया’ या वाफेच्या जहाजावरून आलेल्या जर्मन खोलसागरी मोहिमेने प्रश्न निकालात काढला. मोहिमेचे प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कून, कप्तान अडाल्बर्ट क्रेख. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला वाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागत नाही. ठरवलेल्या चौकोनात मागे-पुढे फिरता येते. त्यांनी बेट गाठले, स्थान ठरवले, उंची मोजली, छायाचित्रे घेतली. थॉम्पसन सापडले नाही. उतरले मात्र तेही नाहीत. विल्हेल्म पठार, पोसाडोव्स्की हिमनदी ही नावे त्यांची. ओलाव्हटोपेन आणि क्रिस्टेन्सन ही नावे नंतरची, नॉर्वेजियनांची. नकाशावर डोळा फिरवला की कोण कधी आले ते नावांवरूनच लावता येते.

नॉर्वेचा झेंडा

१ डिसेंबर १९२७ ला ‘नॉर्वेगिया’ जहाजाचा कप्तान हाराल्ड हॉर्नत्वेट बेटावर उतरला आणि त्याने नॉर्वेचा झेंडा रोवला. पैसा व्हेलशिकारीतला बडा उद्योजक लार्स क्रिस्टेन्सन याचा. दक्षिण समुद्रातल्या सोयीच्या बेटांवर ब्रिटनचा हक्क होता आणि परवान्याचे पैसे भरावे लागत. नॉर्वेच्या शिकाऱ्यांना आपली स्वतःची जागा हवी होती. ब्रिटनने नॉरिसच्या जोरावर सुरुवातीला हरकत घेतली, पुढे सोडून दिली. १९३० च्या कायद्याने बेट नॉर्वेचा ताबेप्रदेश झाले. अंटार्क्टिक करार ६० अंश दक्षिणेच्या खालच्या भागाला लागू होतो. बूव्हे ५४ वर असल्याने त्यात येत नाही, म्हणून इथे नॉर्वेची मालकी निर्विवाद आहे. १९७१ पासून सगळे बेट निसर्ग राखीव क्षेत्र आहे. इंटरनेटवर त्याच्या नावाने स्वतंत्र देश-डोमेनही राखून ठेवलेले आहे, पण ते कोणाला दिले जात नाही. एकही रहिवासी नसताना देशाचा कोड असणे, ही सरकारी कागदांचीच करामत.

हॉर्नत्वेटच्या लोकांनी अडचणीत सापडलेल्या खलाशांसाठी एक झोपडी उभी केली होती. दुसरी ‘नॉर्वेगिया’ मोहीम हवामान केंद्रासाठी जागा पाहायला आली, तोवर झोपडी आणि झेंड्याची काठी दोन्ही वाहून गेली होती. केंद्रासाठी योग्य जागा मिळाली नाही. तेव्हा बेटावर सपाट म्हणावी अशी जागाच जवळपास नव्हती.

नवी जमीन

१९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे ‘ट्रान्सवाल’ हे युद्धनौकेच्या वर्गातले जहाज हवामान केंद्राच्याच विचाराने इथे येऊन गेले. १९५८ च्या आरंभी अमेरिकेचे बर्फफोडे जहाज ‘वेस्टविंड’ आले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी नसलेली जमीन दिसली. सुमारे दोन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा दगडमातीचा सपाट ओटा. सुरुवातीला उद्रेकाचा संशय आला; पण हा कडा कोसळून समुद्रात पसरलेला ढिगारा आहे, हे नंतर मानले गेले. याला न्यूरोयसा म्हणतात. आधी बनवलेला नकाशा घेऊन १९५८ मध्ये कोणी आले असते, तर पश्चिम किनाऱ्यावर त्याने नकाशालाच दोष दिला असता.

न्यूरोयसामुळे बेटाचा स्वभाव बदलला. पेंग्विन आणि फर सील यांना विणीसाठी जागा मिळाली आणि ती लवकरच भरली. माणसांनाही तळ ठोकायला जागा झाली. १९७७ मध्ये स्वयंचलित हवामान केंद्र बसले. १९७८-७९ मध्ये नॉर्वेजियन संशोधक तिथे राहिले. त्यांना जमिनीखाली अवघ्या तीस सेंटिमीटरवर सुमारे २५ अंश सेल्सियस तापमान आढळले. वर गोठलेले आणि वितभर खाली कोमट, अशी ती जमीन आहे.

होडी

२ एप्रिल १९६४ ला ब्रिटिश आरमाराच्या ‘प्रोटेक्टर’वरून सर्वेक्षक ॲलन क्रॉफर्ड हेलिकॉप्टरने न्यूरोयसावर उतरले. तिथे पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे एक तळे होते, त्यात सील पडलेले, आणि सीलांच्या मध्ये एक होडी. काठापर्यंत पाण्यात, पण तळ धड. जहाजाचे नाव नाही, शीड नाही, इंजिन नाही. किनाऱ्यावर वल्ह्यांची एक जोडी, एक पिंप आणि होडी तरंगती ठेवण्यासाठी आत बसवतात तशी तांब्याची एक टाकी, फोडून सपाट केलेली. माणसाचा मागमूस नाही. त्यांच्याकडे एका तासाहूनही कमी वेळ होता. हवा बिघडत होती.

या होडीवर इंटरनेटवर पुष्कळ धुरळा उडाला आहे. पण पहिली पायरी भूगोलच चढून देतो. ते तळे ज्या जमिनीवर आहे ती १९५५ पूर्वी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे होडी तिथे आली ती फार तर आधीच्या नऊ वर्षांत. जुन्या व्हेलशिकाऱ्यांच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या बुडालेल्या जहाजांच्या सगळ्या कथा एका फटक्यात बाद. उरलेले उत्तर सोव्हिएत नोंदींत मिळते. १९५८ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस ‘स्लावा-९’ या टेहळणी जहाजावरची एक तुकडी बेटावर उतरली, हवा बिघडल्याने अडकली आणि दोन-तीन दिवसांनी हेलिकॉप्टरने तिला उचलले. हेलिकॉप्टरमधून होडी नेत नाहीत. तळ्यात होडी का, याचाही उलगडा त्यातच आहे: लाटांपासून वाचवायला ती आत ओढून नेली असणार.

१९७९ च्या २२ सप्टेंबरला अमेरिकेच्या ‘व्हेला’ उपग्रहाने बूव्हे आणि प्रिन्स एडवर्ड बेटांच्या दरम्यान अणुस्फोटासारखी दुहेरी चमक टिपली. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. या प्रकरणाशी त्याचा संबंध एवढाच, की दक्षिण आफ्रिका अडीच हजार किलोमीटरवर आणि अंटार्क्टिकाचा किनारा सतराशे किलोमीटरवर असलेल्या समुद्रात पाहायला साक्षीदार नसतात.

आजची स्थिती

उपग्रहांमुळे स्थानाचा प्रश्न संपला, उतरण्याचा नाही. हौशी रेडिओवाल्यांना इथून प्रसारण करण्याची फार ओढ, कारण त्यांच्या जगात हे ठिकाण सर्वांत दुर्मीळ संपर्कांपैकी एक आहे. २०१८ ची मोठी मोहीम बेट समोर दिसत असताना हवामान आणि जहाजाच्या इंजिनातला बिघाड यांमुळे परतली. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने आग्नेयेच्या केप फीए इथे जमीन गाठली. रबरी होडी लाटांपलीकडे थांबवायची, जलरोधक पोशाख चढवून दोरीच्या आधाराने शेवटचे अंतर पोहत कापायचे, मग जनरेटर आणि तंबू त्याच दोरीने ओढून घ्यायचे, असा प्रकार होता. ओलाव्हटोपेनवर पहिली चढाई झाली तीसुद्धा २०१२ मध्ये.

नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने १९९० च्या दशकात न्यूरोयसावर संशोधकांसाठी एक छोटी इमारत बसवली. २००७ मध्ये उपग्रहाच्या चित्रांत ती दिसेना. आदल्या वर्षीच्या भूकंपाने पाया खिळखिळा केला होता आणि हिवाळी वादळांनी ती समुद्रात ओढून नेली. २०१४ मध्ये सहा माणसांना दोन ते चार महिने राहता येईल असे नवे केंद्र त्याच ओट्यावर उभे राहिले. दुसरी जागाच नाही. ओटा सैल ढिगाऱ्याचा आहे आणि पश्चिमेच्या लाटा त्याची कड खात आहेत, त्यामुळे न्यूरोयसाचा किनारा दर नव्या मोजणीत पुन्हा आखावा लागतो.